मदत हवी आहे: यीस्टमधल्या ट्रिक शॅपरोनच्या आठ सबयुनिटचा खरा क्रम कोणता?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी अकरावीच्या मुली एक प्रतिकृती करताहेत आणि आमचं घोडं एका जागी अडलंय. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

विषय मुलींनीच निवडला: यीस्टच्या पेशीत प्रथिनांना घडी घालायला मदत करणारं ट्रिक, म्हणजेच सीसीटी. नवं तयार झालेलं अ‍ॅक्टिन किंवा ट्युब्युलिन (पेशीच्या सांगाड्याची प्रथिनं) आपलं आपण नीट घडी घेत नाही. ते या पिंपासारख्या संकुलाच्या पोटात शिरतं, एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या जोरावर झाकण मिटतं आणि आत घडी बसते. एकावर एक अशी दोन कडी, प्रत्येकात आठ सबयुनिट म्हणजे प्रथिनाचे तुकडे, एकेक साधारण ६० हजार डाल्टनचं (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक). सगळं मिळून १० लाखांच्या आसपास. जीवाणूंच्या ग्रोईएल या अशाच संकुलामध्ये कड्यातले सातही तुकडे एकसारखे असतात आणि झाकण म्हणून ग्रोईएस वेगळं येऊन बसतं. इथे आठही तुकडे निराळे, आठ निराळ्या जनुकांचे, आणि झाकण प्रत्येकाच्या टोकालाच. या आठांतलं एकही जनुक काढलं तर यीस्टची पेशी जगत नाही. मला स्वतःला हीच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आठही तुकडे दिसायला इतके सारखे, तरी एकाची उणीव दुसरा भरून काढत नाही.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागाचे उरलेले तुकडे आणले आणि सुताराकडून सोळा पाचरी कापून घेतल्या. प्रत्येकीचा कोन ४५ अंशांचा, म्हणजे आठ जुळल्या की कडं पूर्ण. मुलींनी आठ रंग दिले, एकेका रंगाच्या दोन पाचरी. आता फेव्हिकॉल लावायचा तर एकीने दोन चित्रं समोर ठेवली. दोन्ही यीस्टच्याच ट्रिकची, एक २०११ मधल्या स्फटिकरचनेवरून काढलेलं, दुसरं नंतरचं, आणि दोन्हींत तुकड्यांचा क्रम वेगळा! तिने हिशेबही करून आणला होता: आठ वेगळे तुकडे गोलात मांडायचे ५०४० प्रकार, आणि दुसरं कडं त्यावर आठ तऱ्हांनी फिरवून बसवता येतं, म्हणजे ४०,३२० शक्यता. तिला नुसतं "नवीन चित्र घे" असं सांगून मला वेळ मारून न्यायची नाही. कोणता क्रम बरोबर, आणि तो ठरला कसा? दुसरं कडं पहिल्यावर नेमकं कसं बसतं, हेही कुणी सांगितलं तर उपकार होतील.

– जीवशास्त्रवाली, पुणे

प्रतिसाद १ (यीस्टप्रेमी, पाषाण)

ताई, गोंद लावला नाहीत हे फार बरं झालं.

सबयुनिटना सीसीटी१ ते सीसीटी८ असे क्रमांक आहेत. क्रम असा: १-३-६-८-७-५-२-४, आणि ४ नंतर पुन्हा १. जुन्या चित्राबद्दल मुलींना हे जरूर सांगा की तो कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. ती स्फटिकरचना ३.८ अँगस्ट्रॉमची होती, म्हणजे बारकावे तेवढ्यापर्यंतच दिसत होते (अँगस्ट्रॉम हे अणूंच्या मापाचं एकक). एवढ्या बारकाव्यात साखळीचा कणा दिसतो, पण अमिनो आम्लांच्या बाजूच्या फांद्या नीट ओळखता येत नाहीत. आणि या आठ भावंडांचे कणे जवळजवळ सारखेच. मग कोणता तुकडा कुठला, हे ओळखायचं कशावरून?

२०१२ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे वेगळी वाट धरली. आख्खं संकुल घेऊन त्यातली जवळजवळची लायसिनं (एक अमिनो आम्ल) एका छोट्या रेणूने एकमेकांना बांधून टाकली, मग ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने प्रथिनांचे तुकडे केले आणि बांधलेल्या जोड्या मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात तोलल्या. ज्यांच्यात गाठ सापडली ते शेजारी. दोन्ही गटांना एकच क्रम मिळाला. पुढच्या वर्षी जुन्याच स्फटिकांचा डेटा या क्रमाने तपासला गेला, तेव्हा तो त्याच्याशीही जुळला. हे शेवटचं मुलींना सांगायला विसरू नका. मोजमाप तेच होतं, वाचन बदललं.

आता दुसरं कडं. दोन्ही कडी टेबलावर एकसारखी मांडा, झाकणाची टोकं वर ठेवून. मग एक उचलून पालथं करा आणि दुसरं त्याच्यावर असं ठेवा की २ वर २ आणि ६ वर ६ येईल. गोलात २ आणि ६ बरोबर समोरासमोर आहेत, त्यामुळे हे जमतं. क्रम घड्याळाच्या दिशेने की उलट, हे मात्र कागदावरून ठरवू नका, आरशातली प्रतिमा तयार व्हायची. पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहातून रचना उतरवून घ्या आणि कायमेराएक्स या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बाहेरच्या बाजूने बघा.

आणखी एक सुचवतो. ५-२-४ ही बाजू एटीपी चटकन पकडते, ३-६-८ ची बाजू त्या मानाने मंद. पोकळीच्या आतला विद्युतभारही असाच विभागलेला आहे, एकीकडे धन, दुसरीकडे ऋण. आठ रंग ठेवाच, पण एका बाजूला उबदार आणि दुसऱ्या बाजूला थंड रंग दिलेत तर क्रमाला अर्थ आहे हे बघणाऱ्याला लांबूनच कळेल.

जीवशास्त्रवाली, पुणे

मनापासून आभार! आज प्रयोगशाळेच्या ओट्यावर तुम्ही सांगितलं तसं मांडून पाहिलं. पहिल्या वेळी मुलींनी कडं पालथं न घालता तसंच वर ठेवलं. सगळे रंग आपापल्या रंगावर आले, पण झाकणाची टोकं दोन कड्यांच्या मध्ये अडकली. मग पालथं घातलं. पिवळ्यावर पिवळी, हिरव्यावर हिरवी (म्हणजे २ आणि ६), आणि बाकी सहा जागी जोड्या वेगळ्या: १ ला ७, ३ ला ८, ४ ला ५. हिशेब करून आणणारी मुलगी बराच वेळ ते फिरवून फिरवून बघत होती.

रंग उद्या खरवडून नव्याने देतोय. एक राहिलं: आत अ‍ॅक्टिन दिसावं म्हणून दोन पाचरी सुट्या ठेवायच्या आहेत. शेजारच्या कोणत्या दोन काढल्या तर आतलं नीट दिसेल?