मदत हवी आहे : गटावरील समीकरणं, विस्तारित गट लहान कसा करायचा?

गट स३ (तीन वस्तूंचे ६ क्रमचय), अ = (१ २), ब = (१ २ ३). अज्ञात क्ष आणि य:

क्ष अ क्ष य = १
य = ब क्ष²

य काढून टाकला की उरतं क्ष अ क्ष ब क्ष² = १. क्ष चार वेळा येतो, म्हणून त्याची सम-विषमता (क्रमचय सम अदलाबदलींनी बनतो की विषम) गळून पडते. अ मात्र विषम आणि ब सम, म्हणजे डावी बाजू विषम, उजवीकडचा १ सम. त्यामुळे स३ मध्ये उकल नाहीच. पण घातांकांच्या मॅट्रिक्सचा (प्रत्येक समीकरणात क्ष आणि य यांच्या घातांकांची बेरीज) निश्चयक ४, म्हणजे शून्य नाही. गट सांत असल्याने गर्स्टेनहेबर-रॉथाउस (१९६२) प्रमेयानुसार मोठ्या गटात उकल असायलाच हवी. (निश्चयकाची अट सोडली तर घोळ होतो: क्ष अ क्ष⁻¹ = ब कुठल्याच विस्तारात सुटत नाही, कारण अ ची कोटी (किती वेळा स्वतःशी गुणल्यावर १ येतो ती संख्या) २ आणि ब ची ३.)

स३ आणि क४ (४ कोटीचा चक्रीय गट) यांच्या रीथ प्रॉडक्टमध्ये (स३ च्या चार प्रती, आणि त्यांना चक्राकार फिरवणारा क४) उकल मिळते. स३ कर्णरेषेवर बसवा, म्हणजे चारही घटकांत तीच प्रत. σ हे घटक चक्राकार एक जागा डावीकडे सरकवतं. मग क्ष = (अ, १, १, ब²)σ. चारही घटकांत गुणाकार पडताळला आहे, १ च येतो.

अडचण आकाराची: ६⁴ × ४ = ५१८४. स३ ला सामावणारा, हीच उकल देणारा याहून लहान सांत गट कोणता? आणि क्ष⁻¹ समीकरणात आला तर σ ची ही युक्ती मोडते, कारण सरकणं उलट दिशेने होतं. तिथे हाताने करता येईल अशी रचना कुणी सांगेल का? नुसतं अस्तित्व नको, प्रत्यक्ष घटक हवेत.