फ्रीबीएसडीवर जीफोरट्रान: कंपाइल होते, पण प्रोग्राम चालत नाही

प्रश्न (गणकयात्री): नमस्कार. फोरट्रानमधील एका जुन्या प्रोग्रामसाठी मी फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘पीकेजी इन्स्टॉल जीसीसी१३’ ही कमांड देऊन जीसीसी हा कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन) बसवला. त्यातील फोरट्रानच्या ‘जीफोरट्रान१३’ने कंपाइल करताना कोणतीही एरर येत नाही; मात्र प्रोग्राम चालवताच, लिबजीफोरट्रान या फोरट्रानच्या लायब्ररीला हवी असलेली आवृत्ती ‘/लिब/लिबजीसीसी_एस’ या सहायक लायब्ररीमध्ये सापडत नाही, असा संदेश येऊन तो थांबतो. पॅकेज पुन्हा बसवूनही फरक पडला नाही. नेमके काय राहिले आहे?

उत्तर (जुना_प्रशासक): तुमचे पॅकेज ठीक आहे. जानेवारी २०१४ मधील फ्रीबीएसडी १०.० पासून एएमडी६४ वर (म्हणजे नेहमीच्या ६४-बिट संगणकांवर) जीसीसीऐवजी क्लँग हाच मूळ कंपायलर आहे आणि मूळ प्रणालीची स्वतःची लिबजीसीसी_एस ‘/लिब’मध्ये असते. जीसीसी१३ आपली वेगळी प्रत ‘/यूएसआर/लोकल/लिब/जीसीसी१३’मध्ये ठेवतो, परंतु प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा लोडर ‘/लिब’ आधी पाहतो आणि त्याच नावाची फाइल तिथे मिळाल्यामुळे पुढे शोधतच नाही. म्हणून लिंक करतानाच ‘-डब्ल्यूएल,-आरपाथ=/यूएसआर/लोकल/लिब/जीसीसी१३’ हा पर्याय द्या; लायब्ररी आधी कुठे शोधायची तो मार्ग (आरपाथ) त्यामुळे प्रोग्राममध्येच नोंदला जातो. नंतर प्रोग्राम कोणत्या लायब्ररी उचलतो हे दाखवणाऱ्या ‘एलडीडी’ने तो तपासा, लिबजीसीसी_एससमोर जीसीसी१३चा मार्ग दिसला की काम झाले.

उत्तर (सह्याद्रीकर): काही जण लायब्ररी कुठे शोधायच्या हे लोडरला सांगणारे एलडी_लायब्ररी_पाथ हे व्हेरिएबल लॉगिनच्या फाइलमध्ये कायमचे टाकून ठेवण्यास सांगतात. कृपया तसे करू नका, कारण त्या सत्रातून सुरू होणारे इतर प्रोग्रामही मग तीच लायब्ररी उचलतात आणि भलत्याच ठिकाणी बिघाड दिसू लागतो. पुढे सी++ जोडणार असाल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागेल: सी++ची मानक लायब्ररी म्हणून क्लँग इथे लिबसी++ वापरतो, जीसीसी लिबएसटीडीसी++ वापरतो, आणि स्ट्रिंगसारख्या वस्तू या दोहोंमध्ये देवाणघेवाण करण्यासारख्या नसतात. संपूर्ण सी++ भाग एकाच कंपायलरने करावा.

गणकयात्री: मनःपूर्वक आभार. आरपाथ दिल्यावर प्रोग्राम चालला. मात्र प्रोग्राम बांधण्याच्या सूचना असलेली मूळ मेकफाइल लिनक्सवरची असल्याने, त्या सूचना राबवणारे ‘मेक’ तिच्यातील ‘इफेक’ या अटीच्या ओळीवर अडते.

जुना_प्रशासक: इथले ‘मेक’ बीएसडीचे आहे, जीएनयूची वाक्यरचना त्याला वेगळी पडते. ‘जीमेक’ हे पॅकेज बसवा आणि ‘जीमेक एफसी=जीफोरट्रान१३’ असे चालवा. आरपाथ मेकफाइलमधील एलडीफ्लॅग्ज या लिंकच्या पर्यायांच्या व्हेरिएबलमध्ये लिहा. मात्र लिंक करणाऱ्या ओळीत तो व्हेरिएबल खरोखर वापरला आहे ना, हे आधी पाहून घ्या.