अमेरिकन माणूस : तुमचे उलटसुलट अनुभव

मंडळी, 'अमेरिका चांगली की वाईट' हा वाद इथे नको; तो गणपतीत प्रसादाच्या रांगेत फुकट ऐकायला मिळतो. एकाच माणसात किंवा एकाच गावात दोन विरुद्ध गोष्टी सुखाने नांदताना तुम्ही स्वतः पाहिल्या असतील, तर तेवढं लिहा. सुरुवात मीच करते. न्यू जर्सीत आमच्या शेजारचे आजोबा सात हिवाळे न सांगता आमच्या दारातला बर्फ काढतायत. चहाला बोलावलं की हसून "नक्की" म्हणतात. अजून उंबरा ओलांडलेला नाही.

अटलांटाजवळून

सासूबाई आल्या होत्या. एवढं ऊन वाया जातंय हे त्यांना बघवेना. मागच्या डेकवर दोरी बांधून त्यांनी आपली नऊवारी वाळत घातली. आठवड्याभरात एचओएचं, म्हणजे इथल्या सोसायटीचं पत्र : बाहेर कपडे वाळत घालता येणार नाहीत, पुन्हा दिसले तर दंड. समितीतले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे. त्यांच्या ट्रकवर पिवळ्या झेंड्याचं स्टिकर आहे, 1775 सालचा तो गॅड्सडेन झेंडा : वेटोळं घातलेला साप आणि खाली 'माझ्यावर पाय देऊ नका'. सरकारने आपल्या आयुष्यात नाक खुपसू नये यावर ते तासभर बोलू शकतात. शेजारणीच्या दोरीबद्दल मात्र पत्र!

गंमत पुढे आहे. घरावर राष्ट्रध्वज लावायला सोसायटी बंदी करू शकत नाही, असा 2006 सालचा कायदाच आहे. हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तसल्या पट्ट्यांची साडी घेऊ का?"

ताईंना उत्तर

ह्यात विसंगती कसली? घर घेताना गठ्ठाभर कागदांवर सह्या केल्यात ना? इथल्या माणसाला राजाचा हुकूम चालत नाही. स्वतः सही केलेल्या कागदाने गळा आवळला तरी तो कुरकुरत का होईना, पाळतो. (सह्या करताना मीही काही वाचलं नव्हतं, ते सोडा.)

कोलंबस, ओहायो

वरचं उत्तर वाचून आठवलं. नवऱ्याची किमोथेरपी चालू होती आणि माझी रजा संपली. 1993 च्या कायद्याने 12 आठवड्यांची रजा मिळते, पण बिनपगारी, आणि तीही सगळ्यांना नाही. आजारपणाची पगारी रजा साऱ्या देशात सक्तीची करणारा कायदाच नाही. आमच्या ऑफिसात आपली उरलेली रजा दुसऱ्याच्या नावावर करता येते. कुणी तरी एक ईमेल फिरवला आणि दोन दिवसांत माझ्या खात्यात 31 दिवस जमा झाले. ज्यांच्याशी मी 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलले नव्हते, त्यांनीही दिले होते.

त्यातले चार दिवस एकाच माणसाचे. वर्षभरात त्यालाच जेमतेम दहा मिळायचे. काही महिन्यांनी डबा खाताना विषय निघाला, तर पगारी रजा सक्तीची करायला त्याचा कडाडून विरोध! मी विचारलं, "मग मला का दिलीस?" तो गोंधळला, जणू प्रश्नच चुकीचा होता. म्हणाला, "कारण मला द्यायची होती."

मला त्याचा रागही येईना आणि त्याचं म्हणणं पटेना. अजूनही तसंच आहे.

नॅशव्हिलहून, थोडक्यात

मी वर्ध्याचा, त्यामुळे दारूबंदीच्या जिल्ह्याचं मला अप्रूप नाही. पण टेनेसीतल्या लिंचबर्गला 'जॅक डॅनियल्स' गाळतात, तिथून ती जगभर जाते, आणि ती काउंटी स्वतः कोरडी! कारखान्यात आठवण म्हणून बाटली विकत घ्यायची तेवढी सोय करून ठेवली आहे. वर्धेकरांना हे सुचलं नाही.

पोकिप्सी, न्यू यॉर्क

आमच्या गावातल्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशींची रक्षा आहे. लहानपणापासून गोष्ट माहीत होती, पण इथे राहायला आल्यावर तिचा एक धागा नव्याने बोचायला लागला. बायकोच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी मदत मागितली ती रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याकडे. हा कोल्हापुरात राहिलेला माणूस, आपल्याला ओळखणारा. त्याने ख्रिस्ती होण्याची अट घातली आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. तेच मासिक न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या चाळलं आणि कसलीही अट न घालता घराचं दार उघडलं. हिंदुस्थान त्यांनी पाहिलाही नव्हता.

त्याच अमेरिकेने 1882 मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. आनंदीबाई न्यू यॉर्कला उतरल्या 1883 मध्ये. तीन वर्षांनी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, 1887 मध्ये पुण्यात वारल्या. रक्षा मात्र बोटीने परत कार्पेंटर बाईंकडे आली आणि त्यांनी ती इथल्या दफनभूमीत आपल्या घरच्यांच्या जागेत ठेवली.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा जागा सापडेना. गवत कापणाऱ्या माणसाने मशीन बंद केलं, काही न विचारता मला तिथपर्यंत सोडलं, टोपी काढून क्षणभर उभा राहिला आणि परत जाऊन मशीन सुरू केलं.