गेम गिअरचे कपॅसिटर गळलेत, गोव्यात कोणी बदललेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. काकांनी कुवेतहून येताना आणलेला सेगाचा गेम गिअर, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, आमच्या फोंड्याच्या घरी माळ्यावर पडून होता, तो काढून सहा नवे पेन्सिल सेल घातले तर लाल दिवा लागतो, स्क्रीनमागची ट्यूबही पेटते, पण चित्र इतकं फिकं की तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही, आणि आवाज स्पीकरला कान लावला तरी जेमतेम. कॉन्ट्रास्टचं चाक पार टोकापर्यंत फिरवलं, काही फरक नाही.

खोलल्यावर साऊंड बोर्डाला कुजक्या मासळीचा वास. मेन बोर्डावरच्या कपॅसिटरांच्या पायाशी सोल्डर काळं पडलंय, हेडफोन जॅकजवळ एका पॅडवर (पाय सोल्डर करायचा तांब्याचा ठिपका) हिरवट थर चढलाय. आतलं द्रव गळून तांबं खातंय हे उघड आहे, या कन्सोलचा तो ठरलेला आजार, त्यात आपल्याकडची पावसाळी दमट हवा, जिथं नवी कडीसुद्धा गंज धरते.

आता विचारायचं ते असं. बदलताना परत इलेक्ट्रोलिटिकच (आत द्रव असलेले) लावावेत की लहान व्हॅल्यूंना सिरॅमिक घालावेत? सिरॅमिक गळत नाहीत म्हणून माझा कल तिकडे आहे, पण ऑडिओच्या लाइनीत ते घातल्यावर आवाजात फरक पडतो का हे ज्यांनी स्वतः लावून ऐकलंय त्यांनी सांगा. आणि तो हिरवा झालेला पॅड उचकटला तर ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) खरवडून बारीक वायर जोडायची की सरळ जवळच्या व्हायापर्यंत (बोर्डाच्या आरपार जाणारं तांब्याचं भोक) न्यायची? साफसफाई आधी थोड्या व्हिनेगरने आणि मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) करणार आहे, कारण ते द्रव अल्कली असतं, नुसत्या आयपीएने मरत नाही.

भंगारात आणखी एक गेम गिअर मिळालाय, स्क्रीन फुटलेली पण साऊंड बोर्ड स्वच्छ. तोच उचलून बसवा असं मित्र म्हणतो. मला पटत नाही, त्यावरचे कपॅसिटरही त्याच वयाचे, आज नाही तर उद्या गळणारच. त्याची बटणं, रबर, बॅटरीच्या पट्ट्या मात्र नक्की वापरणार. तरी दोन्ही बोर्डांची आवृत्ती वेगळी निघाली तर कनेक्टर जुळतो का?

कृपया नवीन एलसीडी टाका असं सुचवू नका. सेल जास्त टिकतात, चित्र लख्ख येतं, सगळं मान्य, पण 1990 च्या त्या यंत्राची 3.2 इंची स्क्रीन, हलताना मागे सावली सोडणारी, तशीच वाचवायचीय मला. पुढे ट्यूबच गेली तर बघू.

सुटे भाग पणजी-मडगावला विचारले, लांब पायांचे मिळतात, बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायचे एसएमडी नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणी मागवले असतील तर चांगल्या मेकचे कुठले घेतले तेवढं लिहा, आणि फोंडा-म्हापसा भागात कोणाकडे हॉट एअर स्टेशन (गरम हवेनं सोल्डर वितळवायचं यंत्र) असेल तर मी बोर्ड घेऊन येतो, सोल्डरिंग माझं मीच करीन.