भिशीचे ७० हजार आणि नागपूरचा मे: गेम खेळायला कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

त्रिमूर्तीनगरवाली:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण पूर्ण वाचाल तरच नीट सांगता येईल.

माझं वय ४८, नागपुरातच शाळेत गणित शिकवते. या महिन्यात भिशीत माझा नंबर लागला, ७० हजार हातात येतील. त्यातून मला माझ्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचा आहे. गेम खेळायला. कोणाच्या अभ्यासाला नाही, शाळेच्या कामाला नाही. मुलगा पुण्याला नोकरीत आहे, त्याच्याजवळ त्याचा आहे. घरी सगळ्यांचं सांगून झालं, एसी बसव, बांगड्या कर. त्यामुळे घ्यावा की नाही हे मी विचारत नाही, ते ठरलं आहे.

२००२ मध्ये मी धरमपेठेत एका इन्स्टिट्यूटमध्ये एमएस-सीआयटी शिकवायची. शेवटची बॅच रात्री आठला सुटायची. मग आम्ही चौघं शिकवणारे शटर अर्धं ओढून लॅनवर, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, एज ऑफ एम्पायर्स टू हा लढाईचा गेम खेळायचो. पंधरा इंची डबा मॉनिटर, १२८ एमबी रॅम, आणि माउसच्या पोटातली रबरी गोळी दर दोन दिवसांनी काढून पुसायला लागायची. प्रत्येकाने एकेका देशाचे लोक निवडायचे, मी पर्शियन घ्यायची. आधी मेंढ्या हुडकायच्या, गावाला कुंपण घालायचं आणि बाकीचे तिघं एकमेकांशी लढून दमले की हत्ती घेऊन निघायचं. दिवसभरात तो एक तास पूर्ण माझा असायचा. मग लग्न झालं, पुढे ते इन्स्टिट्यूटही बंद पडलं आणि खेळणं सुटलं ते सुटलंच.

मागच्या दिवाळीत मुलाने त्याच्या मशीनवर रेड डेड रिडेम्प्शन टू हा गेम दाखवला. सुरुवातीलाच डोंगरात गुडघाभर बर्फ आहे. घोडा चालतो तसा मागे खुरांचा माग उमटत जातो. पुढे कुरणं, नद्या लागल्या. एकाही माणसावर गोळी न झाडता दोन तास मी नुसता घोडा हिंडवला. मुलगा झोपून गेला तरी मी तिथेच. तेव्हाच ठरवलं, असं एक टेबल आपल्याला पाहिजे.

आता भीती कशाची, ते सांगते. २०१८ मध्ये मुलगा नववीत असताना बर्डीवरच्या एका दुकानातून ४१ हजारांचा असेंबल केलेला घेतला होता. पहिल्या दिवसापासून कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. पोरगा चप्पल घालून बसायचा, आम्हीही चालवून घेतलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात भर दुपारी फट्‌कन आवाज झाला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला, जाताजाता मदरबोर्ड घेऊन गेला. दुकानदार म्हणे, "मॅडम, व्होल्टेजने गेला, वॉरंटीत नाही बसत." बिल काढून पाहिलं तर नुसतं 'एसएमपीएस ४५० वॅट' लिहिलेलं, कंपनीचं नावच नाही. ४१ हजार आणि पोराचे रडून लाल झालेले डोळे, दोन्ही मला अजून आठवतात.

आता दुसऱ्या एका दुकानाने कोटेशन दिलं आहे: आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (गेम, फाइली साठवायला), ४ जीबी ग्राफिक कार्ड (पडद्यावरचं चित्र बनवणारं), लाइटवालं कॅबिनेट, मॉनिटर, सगळं मिळून ६२ हजार. माझ्या खोलीत एसी नाही. खिडकीत कूलर आहे आणि टेबल त्याच्या बरोब्बर समोर येईल. हे कोटेशन घेऊ का? की लॅपटॉप बरा? आणि ४५ अंशांत हे टिकते का?

सदर_रिपेरिंग:

ताई, मी १९ वर्षांपासून कॉम्प्युटर दुरुस्त करून राहिलो. तुमचं कोटेशन वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

त्यात एकाही वस्तूचं मॉडेल नाही. इंटेलचा आय५ म्हणजे कोणता? बाजारात आजही नव्या डब्यात, नव्या लोकल मदरबोर्डवर तिसऱ्या जनरेशनचा आय५ लावून देतात. तो २०१२ चा माल आहे. विंडोज ११ ला इंटेलमध्ये आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ४ जीबी कार्डाचंही तेच. जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळते, ते २०१४ चं. जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीच, ते २०१९ चं. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. रेड डेडला रेकमेंडेड म्हणून जीटीएक्स १०६० ६ जीबी आणि १२ जीबी रॅम सांगितली आहे, आणि १५० जीबी जागा तो एकटा खाते. ५१२ च्या एसएसडीत मग उरलं काय? एक टीबी, म्हणजे हजार जीबी, घ्या. दुकानदाराला म्हणा, प्रत्येक वस्तूचं पूर्ण नाव बिलावर लिहून दे. नाही म्हणाला तर उठून या.

आता झिणझिण्यांचं. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून, आणि दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असलं की तो बारीक करंट जमिनीत जाते. अर्थिंग नसलं की पत्र्यावर मेनच्या अर्धे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी कमी असते, त्याने माणूस मरत नाही. पण याचा अर्थ सरळ आहे: तुमच्या त्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं. कदाचित आजही नसेल. आपल्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते, म्हणून जुने लोक उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत. पहिले हजार-दोन हजार इलेक्ट्रिशियनला द्या, मग दुकानात जा.

एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते असा शिक्का), ५५० वॅटचा. चांगले एसएमपीएस त्यांचं वॅटेज ४० किंवा ५० अंशांवर धरून सांगतात. स्वस्तातले काही २५ अंशांवर. नागपुरात २५ अंश असते कधी? डिसेंबरात. म्हणून पुण्यात चालणारा डबा इथे मे महिन्यात फुटते.

आणि कूलरच्या तोंडासमोर टेबल अजिबात नको. असे कॅबिनेट मी दर जूनमध्ये उघडतो. पंख्याच्या पात्यांवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार, त्यावर धूळ, चिखल वाळल्यासारखा थर. स्क्रू गंजलेले, रॅमच्या खाचेत हिरवट डाग. कूलर चालू ठेवा, मे महिन्यात कोरड्या हवेत तो खोली बारा-पंधरा अंश उतरवते, ते मशीनलाही बरंच. पण टेबल बाजूच्या भिंतीला घ्या, झोतात नको.

माझा सल्ला: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या. ग्राफिक त्यातच आहे. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, १६ ची एक नाही, कारण या प्रोसेसरचं ग्राफिक रॅमवरच चालते, दोन पट्ट्यांनी वेगात मोठा फरक पडते. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी भल्ले चढले, तेवढी तयारी ठेवा. तुमचा एज ऑफ एम्पायर्स यावर मस्त पळेल. वर्षभराने कार्ड टाका.

बजाजनगर_हॉस्टेल:

काकू, भाऊंचं अर्थिंग आणि एसएमपीएसचं शंभर टक्के पटलं. पण ५६००जी वर माझं मत वेगळं आहे. पुढे कार्ड टाकायचंच असेल तर ५६०० (जी नसलेला) घ्या. त्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, ३२ एमबी आहे, जी मध्ये १६ च. शिवाय पीसीआयई, म्हणजे कार्ड जोडायचा मार्ग, जी मध्ये तिसऱ्या पिढीचा आहे, ५६०० मध्ये चौथ्या. आरएक्स ६६०० सारखं कार्ड आठच लेन वापरतं, त्यामुळे जी सोबत त्याचा डेटा ये-जा करायचा वेग अर्धा होतो. आणि तुम्हाला तर घोडा फिरवायचा आहे. ५६००जी वर रेड डेड सुरू होईल, पण सगळं खालच्या सेटिंगवर. त्यात ती कुरणं तुम्हाला दिवाळीत दिसली तशी दिसायची नाहीत, मन खट्टू होईल.

आरएक्स ६६०० ८ जीबीचं आहे, १३२ वॅट खातं, म्हणजे खोलीही फार तापत नाही. पैसे कमी पडले तर मॉनिटर साधा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, घ्या आणि लाइटवालं कॅबिनेट सोडा, पुढे जाळी असलेलं साधं घ्या. काच लावलेल्या पुढच्या भागातून हवा आत जात नाही.

गर्मीसाठी एक फुकटचा उपाय: गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम, म्हणजे सेकंदाला बनणारी चित्रं, ६० वर बांधून टाका. मॉनिटर ६० च दाखवतो, कार्ड उगाच शंभर बनवत बसतं आणि तापतं. प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) कितीही मोठा लावा, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. खोली २५ असताना प्रोसेसर ६५ वर राहत असेल तर खोली ४० झाली की तोच ८० वर जाणार. ५६०० ची मर्यादा ९० आहे, तिथे तो स्वतःच वेग कमी करतो. आम्ही हॉस्टेलवर मे महिन्यात दुपारी खेळतच नाही, रात्री दहानंतर बसतो.

चंद्रपूर_बदली:

माझी बदलीची नोकरी, म्हणून मी लॅपटॉप घेतला. चंद्रपूर, गोंदिया, परत चंद्रपूर. मला दुसरा मार्गच नव्हता. पण घरी एकाच जागी बसणार असाल तर घेऊ नका. चंद्रपूरच्या मे महिन्यात माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर डावा हात ठेववत नाही, पंखा मिक्सरसारखा ओरडतो. एकच कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालवतात, ते डब्यावर मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत. आणि काही बिघडलं तर डेस्कटॉपसारखा एकेक भाग बदलता येत नाही.

त्रिमूर्तीनगरवाली:

तिघांनाही मनापासून धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहून राहिली आहे, कारण आधी अर्थिंगचं झालं आणि त्यातच बराच वेळ गेला.

सदरचे भाऊ, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. इलेक्ट्रिशियनने होल्डरला साठचा बल्ब लावून दोन वायरी काढल्या. एक फेजला, एक न्यूट्रलला लावली, बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलची वायर काढून सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घातली. काहीच नाही, तारसुद्धा लाल झाली नाही. मग त्याने अर्थिंगची हिरवी वायर भिंतीतून शोधत शोधत मागच्या अंगणापर्यंत नेली. घर बांधताना ती नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली होती. २०१४ मध्ये आम्ही ती लाइन काढून प्लॅस्टिकचे पाइप टाकले. वायर तशीच पाइपाच्या एका सुट्या तुकड्याला बांधलेली, तुकडा मातीच्या वर. म्हणजे माझा पोरगा त्या कॉम्प्युटरसमोर चप्पल घालून बसायचा तेव्हा घराला अर्थिंगच नव्हतं. फ्रीजला नाही, गिझरला नाही. हे कळल्यावर त्या रात्री मला झोप नाही आली. अंगणात नवीन खड्डा केला, पाइप, कोळसा, मीठ, वरून पाणी ओतायला नरसाळं. पुन्हा तोच बल्ब लावला आणि पेटला. मी त्याला तीनदा लावून दाखवायला लावलं.

मग दुकान. पहिल्या दुकानदाराला मॉडेल लिहून मागितलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय समजणार त्यात?" मी २४ वर्षांपूर्वी कॅबिनेट उघडून रॅम बसवायला शिकवत होते. त्याला काही न बोलता उठून आले. दुसऱ्याने प्रत्येक ओळ पूर्ण लिहून दिली, सिरियल नंबरसकट. बजाजनगरच्या बेटा, तुझंच ऐकलं: ५६००, आरएक्स ६६००, ८-८ च्या दोन पट्ट्या, एक टीबी. रॅमने बजेट फाडलं, एकूण ७४ हजार झाले. वरचे चार माझ्या पगारातले. यूपीएस जुनाच आहे, ६०० व्हीएचा, बॅटरी नवी टाकली. लाइट गेली की सेव्ह करून बंद करायला तेवढा पुरतो.

टेबल आतल्या भिंतीला लावलं, कूलरपासून लांब. पहिल्या रात्री कॅबिनेट चालू करून अनवाणी उभी राहिले आणि तळहात पत्र्यावर ठेवला. काही नाही. गार लोखंड, बस.

एज ऑफ एम्पायर्सची २०१९ ची नवीन आवृत्ती घेतली. २०२२ पासून त्यात द्रविड, बंगाली, गुर्जर असे भारतातले वेगवेगळे लोक निवडायला आले आहेत, त्यांचे हत्ती पाहून राहिली आहे एकेक. पण सुरुवातीला मेंढी ओरडते तो आवाज तोच आहे, २००२ मधला. ऐकला आणि शटर ओढल्याचा आवाज आपोआप आठवला. रेड डेड आजपासून डाउनलोडला लावला आहे, आमच्या नेटवर उद्या संध्याकाळपर्यंत होईल.

तेव्हाच्या चौघांपैकी एक अमरावतीला आहे, एक इथेच मानेवाड्याला. दोघांना फोन केला. शनिवारी रात्री नऊला बसायचं ठरलं, अमरावतीवाला लॅपटॉपवरून येईल. चौथ्याचा नंबर कोणाजवळच नाही, तो शोधून राहिली आहे. तोवर त्याच्या जागी मुलगा पुण्याहून खेळेल म्हणतो, पण त्याला मी आधीच सांगितलं आहे, पर्शियन माझे.