विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ७८, उकळून चालेल?

प्रश्न: तपासणीत नायट्रेट ७८ मिग्रॅ/लिटर आलंय. चार महिन्यांच्या बाळाचं पावडरचं दूध याच पाण्यात कालवतो. उकळलं तर पुरेल ना?

उत्तर १: नाही, आजच थांबवा! उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. पाणी आटलं की प्रमाण उलट वाढतं. भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. एवढ्या लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. ओठ-नखं निळसर दिसली तर तातडीने दवाखाना गाठा.

उत्तर २: तुरटी, क्लोरीन, यूव्हीने नायट्रेट जात नाही. आरओ घ्या, पण त्याचा टीडीएस कंट्रोलर (क्षारांचं प्रमाण कमी-जास्त करायची कळ) पूर्ण बंद ठेवा. त्यातून कच्चं पाणी मिसळतं. नंतर आरओचं पाणी तपासून घ्या. अहवालात ‘नायट्रेट-नायट्रोजन’ असेल तर आकडा ४.४३ ने गुणायचा, म्हणजे नायट्रेटचा आकडा मिळतो.

उत्तर ३: नायट्रेट उकिरडा, शोषखड्डा, खतातून विहिरीत झिरपतं. म्हणून विहिरीलगतचा उकिरडा, शोषखड्डा आधी हलवा. युरिया एकदम न टाकता हप्त्यांत द्या.