२०००-०१ चं बुंडेसलिगा: शाल्केचं विजेतेपद हॅम्बर्गमध्ये गेलं की स्टुटगार्टमध्ये?

लिबेरो_५

जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगच्या, म्हणजे बुंडेसलिगाच्या, २०००-०१ च्या हंगामाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "पंच मार्कुस मेर्कने शाल्केचं विजेतेपद हिरावलं." मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा सविस्तर मांडायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९ मे २००१, हंगामाचा शेवटचा दिवस. बायर्न म्युनिक शाल्केच्या तीन गुणांनी पुढे, पण गोलफरक शाल्केचा चांगला. म्हणजे बायर्न हॅम्बर्गमध्ये हरलं आणि शाल्के घरच्या मैदानावर जिंकलं, तर शाल्के विजेते, तेही १९५८ नंतर पहिल्यांदा. शाल्केने उंटरहाखिंगला ५-३ हरवलं. तिकडे ९० व्या मिनिटाला सर्गेई बार्बारेझने हेडर मारून हॅम्बर्गला १-० पुढे नेलं. शाल्केच्या घरच्या मैदानावर, गेल्सनकिर्शनच्या पार्कस्टेडियममध्ये, लोक मैदानात उतरले, रडले, फटाके उडाले. आणि मग इंजुरी टाइममध्ये हॅम्बर्गचा गोलरक्षक मथियास शोबरने आपल्याच बचावपटूकडून आलेला चेंडू हातात घेतला. मेर्कने तो बॅक-पास (सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू, जो गोलरक्षकाला हातात घेता येत नाही) ठरवून गोलपेटीच्या आत अप्रत्यक्ष फ्री-किक दिली. बायर्नच्या एफेनबर्गने चेंडू हलकेच सरकवला आणि पॅट्रिक अँडरसनने खेळाडूंच्या गर्दीतून जाळ्यात घातला. १-१. बायर्न ६३, शाल्के ६२.

आता माझं म्हणणं. त्याच्या एक आठवडा आधी, १२ मेला, दोन्ही संघांचे गुण सारखे होते आणि गोलफरकावर शाल्के वर होतं. त्या दिवशी शाल्के स्टुटगार्टमध्ये खेळत होतं. ९० व्या मिनिटापर्यंत ०-०, आणि तेव्हा स्टुटगार्टच्या बालाकोव्हने गोल केला. ०-१. तो एक गोल खाल्ला नसता तर शाल्केचे ६३ गुण झाले असते. म्हणजे अँडरसनचा गोल होऊनही, मेर्कची शिट्टी वाजूनही, गोलफरकावर शाल्केच विजेतं ठरलं असतं! ही साधी बेरीज कुणी करत नाही. सगळं खापर एका माणसाच्या एका निर्णयावर.

रूरकाठी

मी एसेनमध्ये राहतो, गेल्सनकिर्शन अगदी शेजारी. बेरीज बरोबर आहे तुमची, पण बेरीज म्हणजे हंगाम नव्हे.

स्टुटगार्टचा पराभव हा पराभव होता. समोरचा संघ खालच्या श्रेणीत घसरण्याच्या भीतीने जीव तोडून खेळत होता, त्यांनी जिंकून मिळवलं. त्याबद्दल इथे कुणाची तक्रार नाही. हॅम्बर्गमध्ये जे झालं ते वेगळं आहे. हॅम्बर्गचा बचावपटू उयफालुशीने प्रतिस्पर्ध्याशी झटापट करताना पाय घातला आणि चेंडू गोलरक्षकाकडे गेला. नियमात शब्द आहे 'जाणूनबुजून'. घसरत, अडखळत मारलेला चेंडू जाणूनबुजून दिलेला पास होतो का? चौतीस फेऱ्यांच्या हंगामाचा निकाल ठरवणारी शिट्टी शंभर टक्के खात्री असल्याशिवाय वाजवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि इथल्या लोकांसाठी ते विजेतेपद काय होतं तेही बघा. शाल्के हा कोळसा खाणकामगारांचा क्लब, खेळाडूंना आजही 'क्नापेन' म्हणजे खाणकामगार म्हणतात. गेल्सनकिर्शनमधली ह्यूगो खाण २००० मध्ये बंद झाली होती. उंटरहाखिंगविरुद्धचा तो सामना पार्कस्टेडियममधला शेवटचा लीग सामना होता, पुढच्या हंगामापासून नवं स्टेडियम. माझ्या कार्यालयात साठीतले एक सहकारी आहेत, ते त्या दिवशी वडिलांबरोबर तिथे होते. चार मिनिटं ३८ सेकंद ते विजेते होते. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा आवाज कापत होता. त्यांना बालाकोव्हची बेरीज कशी सांगू?

शाहू_स्टेडियम_पंच

मी कोल्हापुरात बरीच वर्षं स्थानिक सामन्यांना पंचगिरी केली आहे, म्हणून या 'खात्री'बद्दल बोलतो.

रूरकाठी, तुमचं दुःख मान्य, पण बॅक-पासचा नियम तुम्ही सांगता तसा नाही. चेंडू पायाने खेळला का, आणि खेळाडूला तो खेळायचा होता का, एवढंच पंच बघतो. दबावाखाली मारला म्हणून सूट मिळत नाही. चेंडू अंगाला लागून उडाला असता, तर गोष्ट वेगळी. इथे बचावपटूने पायाने चेंडू मागे काढला. १९९२ मध्ये हा नियम आला तोच मुळी गोलरक्षक चेंडू कवटाळून वेळ खातात म्हणून. आणि हॅम्बर्ग १-० ने पुढे, वेळ संपत आलेला: अगदी ज्याच्यासाठी नियम केला तीच परिस्थिती!

कठीण काय असतं सांगतो. आमच्याकडे तुडुंब गर्दीत दोन पेठांचा सामना असला की शेवटच्या पाच मिनिटांत शिट्टी ओठाशी जड होते. सगळ्यात सोपं काय, तर न वाजवणं. न वाजवलेल्या शिट्टीला कुणी फारसं लक्षात ठेवत नाही. मेर्क न वाजवता निघून गेला असता तर आज त्याचं नावही या धाग्यात आलं नसतं. पेशाने तो दंतवैद्य, दक्षिण भारतात अनाथ मुलांच्या शाळांसाठी वर्षानुवर्षं काम करणारा माणूस. शाल्केच्या लोकांनी त्याला काय काय ऐकवलं ते बघून वाईट वाटतं राव.

इसारकाठचा

बायर्नचा समर्थक म्हणून मला दुसरीच गोष्ट खटकते. या हंगामाची गोष्ट सांगताना बायर्न नेहमी नशिबाने तरलेला संघ असतो.

त्याच १२ मेला, जवळपास त्याच क्षणी बालाकोव्हचा गोल होत होता तेव्हा, म्युनिकमध्ये आलेक्झांडर झिकलरने काइझर्सलाउटर्नविरुद्ध ९० व्या मिनिटाला २-१ केलं. तोही विसरायचा का? त्या दीड महिन्यात हा संघ मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिदला हरवून चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत गेला होता. हॅम्बर्गनंतर चारच दिवसांनी मिलानमध्ये व्हॅलेन्सियाला पेनल्टींवर हरवून तो करंडकही घेतला, आमचा गोलरक्षक ओलिव्हर कानने तीन पेनल्टी अडवल्या. आणि हेच खेळाडू १९९९ मध्ये बार्सिलोना शहरात इंजुरी टाइममधल्या दोन गोलांनी अंतिम सामना हरले होते. ज्यांनी तो घाव सोसला, त्यांना ९० व्या मिनिटाला १-० ने मागे पडल्यावर खांदे पाडायचे नाहीत हे कळलं होतं. कान स्वतः समोरच्या गोलपेटीत येऊन उभा होता. अँडरसनचा बायर्नसाठी बुंडेसलिगातला हा एकमेव गोल. चेंडू त्याच्या पायाशी आला हे नशीब म्हणा हवं तर, पण चेंडू तिथवर आणण्याची जिद्द नशिबाची नव्हती.

पावसाळी_संध्याकाळ

इसारकाठचा, जिद्द मान्य. पण त्या हंगामात बायर्न नऊ सामने हरलं, हे तुमच्या प्रतिसादात कुठेच नाही. नवख्या कॉटबुसकडून हरले. रोस्टॉकमध्ये २-३ हरले, तिथे कानने शेवटी कॉर्नरवर चेंडू चक्क हाताने जाळ्यात ढकलला आणि दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर गेला. शाल्केने तर त्यांच्याच मैदानात ३-१ मारलं, एबे सँडचे तिन्ही गोल! ६३ गुणांवर विजेतेपद, विजयाला तीन गुण सुरू झाल्यापासून इतक्या कमी गुणांवर कुणी जिंकलेलं नाही.

शाल्केकडे जे होतं ते मला त्या हंगामात बायर्नमध्ये दिसत नाही. सँडचे २२ गोल (बार्बारेझचेही २२, दोघे संयुक्त अव्वल), बाजूला एमिल एम्पेन्झा, मागून चेंडू पुरवणारा आंद्रेआस म्योलर. शेवटच्या दिवशी उंटरहाखिंगविरुद्ध ०-२ मागे, मध्यंतरापर्यंत २-२, पुन्हा २-३ मागे, मग योर्ग ब्योमेचे एका मिनिटाच्या अंतराने दोन गोल. सुंदर फुटबॉल त्यांनी खेळलं. त्यासाठी मला पंचाला दोषी ठरवायची गरज वाटत नाही. पण लिबेरो, "स्वतःच्या चुकीने घालवलं" असा जो सूर तुमच्या धाग्यात आहे, तोही मला अन्यायाचा वाटतो. ६२ गुण आणि सगळ्यात चांगला गोलफरक असलेला संघ 'घालवत' नाही हो.

रूरकाठी

पंचसाहेब, तुमचा नियमाचा खुलासा दोनदा वाचला. 'न वाजवणं सोपं' हे मी कधी त्या बाजूने पाहिलं नव्हतं. तरी माझं मन बदललेलं नाही: चेंडू निसटता होता आणि मला त्यात पास दिसत नाही. पण मेर्कबद्दल पूर्वी मी जे बोलत आलो ते यापुढे बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच सोडली. शोबर! तो शाल्केच्याच युवा संघात घडलेला. त्याच्यावर इथे काय काय संशय घेतले गेले, ते मी स्वतः ऐकलेत. माणसाने नव्वद मिनिटं बायर्नला रोखून धरलं, आणि लोकांना एकच झेल आठवतो. नंतर २००७ मध्ये शाल्केनेच त्याला परत घेतलं, पुढे युवा विभागाची जबाबदारी दिली. क्लबने त्याला माफ केलं असं मी म्हणणार नाही, कारण माफ करण्यासारखं काही नव्हतंच.

लिबेरो_५

पावसाळी_संध्याकाळ, 'घालवलं' हा शब्द मी थेट वापरला नव्हता, पण सूर तोच होता, खरं आहे. तो मागे घेतो. बालाकोव्हचा मुद्दा मात्र सोडत नाही. कारण मला शाल्केला कमी लेखायचं नाही. उलट 'पंचाने हिरावलं' म्हटलं की तो संघ बिचारा होऊन जातो, जणू त्या अकरा जणांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांच्या हातात सगळं होतं. म्हणूनच ते इतकं जिव्हारी लागतं.

इसारकाठचा, आदल्या वर्षी लेव्हरकुझेनला शेवटच्या दिवशी फक्त बरोबरी हवी होती आणि याच उंटरहाखिंगने त्यांना २-० हरवून तुमच्या बायर्नला विजेतं केलं होतं. २००१ मध्ये तोच लहानसा क्लब शाल्केला दोनदा मागे टाकून शेवटी खालच्या श्रेणीत घसरला. त्यांच्यावर कधी वेगळा धागा काढायला हवा.

रूरकाठी

काढाच. आणि शाल्केचं त्यानंतरचंही लिहा. हॅम्बर्गनंतर बरोबर एका आठवड्याने बर्लिनमध्ये जर्मन चषकाचा अंतिम सामना होता, समोर तिसऱ्या श्रेणीतलं युनियन बर्लिन. ज्या संघाला आठवडाभर डोळे कोरडे ठेवता आले नव्हते, त्याने तो २-० जिंकला. दोन्ही गोल ब्योमेचे. माझे सहकारी त्या सामन्यालाही गेले होते. मी विचारलं, आनंद झाला का? म्हणाले, झाला, पण बराच वेळ घड्याळाकडेच बघत होतो, पंचाने शेवटची शिट्टी दिली तरी.